विद्यार्थ्यांची शॉर्टफिल्म नेमकी कुठे अडकते

प्रश्न असा आहे: कॉलेजमधले सात जण, दहा मिनिटांची फिल्म, हातात एक उसना डीएसएलआर कॅमेरा आणि दोन-तीन फोन, शूटिंगला शनिवार-रविवार, वर्गणी काढून जमतील सहा हजार रुपये. कामं कशी वाटून घ्यायची आणि पहिल्यांदा करणारे गट कुठे फसतात?

ज्या कामाला माणूस नेमलेला नसतो तिथे फिल्म फसते. दिग्दर्शन, कॅमेरा आणि अभिनय यांना उमेदवार भरपूर मिळतात. आवाज, कंटिन्युइटी (कपडे, वस्तू, हालचाली शॉटगणिक सारख्या राहतायत ना हे बघणं), घड्याळ, फुटेजची कॉपी आणि जेवण ही पाच कामं मात्र ‘आपण सगळे मिळून बघू’ या खात्यात जातात. एडिटिंगला बसल्यावर जे भरून काढता येत नाही, ते बहुतेक वेळा या पाचांतलंच असतं.

आधी वेळेचा हिशेब करू, कारण दहा मिनिटांचा आकडाच चुकलेला आहे. दिवसाचे दहा तास म्हणजे ६०० मिनिटं. जेवणाची ६०, सकाळी सामान लावून पहिला शॉट लागेपर्यंत ९०, चहा आणि आवराआवर ३०. उरली ४२०. कॅमेरा एका जागी लावायचा, लाइट बघायचा, तालीम करायची, तीन-चार टेक घ्यायचे आणि तिथून उठायचं, याला आपण सेटअप म्हणू. नवख्या गटाला एका सेटअपला २५ ते ३० मिनिटं लागतात. म्हणजे दिवसाला पंधरा, दोन दिवसांत तीस. तीस सेटअपमध्ये पाच-सहा मिनिटांची नीट फिल्म होते. दहा मिनिटं बसवायला गेलात तर रविवारी दुपारनंतर शॉट गाळायची वेळ येते, आणि गळतात ते नेमके शेवटच्या सीनचे, कारण शेवटचा सीन सगळ्यांत शेवटी ठेवलेला असतो. मधे लोकेशन बदललं तर आणखी ९० मिनिटं गेली, म्हणजे तीन सेटअप गेले.

तेव्हा सहा मिनिटं धरा. एक घर, तिथून चालत जाता येईल अशी बाहेरची एक जागा, दोन किंवा तीन पात्रं. सगळ्यांत अवघड सीन शनिवारी जेवणानंतर लावा. तोवर सगळ्यांचे हात बसलेले असतात, आणि काही बिघडलंच तर रविवार शिल्लक असतो. जून ते सप्टेंबर बाहेरचे सीन ठेवू नका, आणि पत्र्याचं छप्पर असलेल्या घरात तर आतलेही ठेवू नका: पावसाचा आवाज एडिटिंगमध्ये निघत नाही.

फिल्म किती मिनिटांची होणार हे पानं मोजून ठरवू नका. ‘एक पान म्हणजे एक मिनिट’ हा हिशेब ठरावीक मांडणीत टाइप केलेल्या इंग्रजी पटकथेचा आहे. वहीत लिहिलेल्या मराठी पानाला तो लागू पडत नाही. संवाद मोठ्याने वाचा, मधल्या हालचाली प्रत्यक्ष करा आणि स्टॉपवॉच लावा.

आपल्याकडे फिल्म करणारी बरीच मुलं एकांकिकेतून आलेली असतात, पुरुषोत्तम, फिरोदिया या कॉलेजांच्या नाट्यस्पर्धांच्या तालमींत तयार झालेली. पाठांतर आणि तालमीची सवय ही त्यांची मोठी जमेची बाजू. पण सोबत दोन अडचणी येतात. पहिली म्हणजे लिखाणात सगळं संवादातून सांगितलं जातं. ‘अगं, बाबा गेल्यापासून तू अशीच गप्प असतेस’ हे वाक्य रंगमंचावर चालतं, पण कॅमेऱ्यासमोर भिंतीवरचा हार घातलेला फोटो आणि एकच ताट वाढणारा हात पुरतो. दुसरी अडचण आवाज शेवटच्या रांगेपर्यंत फेकण्याची. माइक तोंडापासून दीड फुटावर असताना फेकलेला आवाज खोटा वाटतो आणि रेकॉर्डिंगमध्ये फाटतो. हे शूटिंगच्या दिवशी सांगून सुटत नाही. निदान दोन तालमी त्याच खोलीत, फोनवर रेकॉर्ड करून आणि लगेच ऐकवून करा.

आता माणसं. सातांपैकी कुणीही अभिनय न केलेला बरा, दिग्दर्शकाने तर नकोच. समोर मॉनिटर नसताना स्वतःचा शॉट ओके की नाही हे सांगता येत नाही. कलाकार बाहेरून आणा आणि सात कामं अशी वाटा: दिग्दर्शक, एडी (म्हणजे सहायक दिग्दर्शक), कॅमेरा, साउंड, कंटिन्युइटी, लाइट आणि प्रॉपर्टी (सीनमधल्या वस्तू) मिळून एक, प्रॉडक्शन एक. कंटिन्युइटी बघणाऱ्यानेच पुढे एडिट करावं असं माझं ठाम मत आहे. कोणत्या टेकला काय चुकलं, कोणता ओके झाला, हे त्याच्या वहीत आणि डोक्यात असतं. एडीचं काम घड्याळाचं: कॉल शीट (कोण किती वाजता कुठे हवं याचा कागद) बनवणं, पुढचा शॉट आधी तयार ठेवणं आणि दिग्दर्शकाला ‘या शॉटला दहा मिनिटं उरलीत’ असं तोंडावर सांगणं. या जागी गटातला सगळ्यांत स्पष्टवक्ता माणूस बसवा. कामांची आणि क्रेडिट्सची यादी शूटिंगच्या आधी लिहून सातही जणांनी सही करा. ‘कथा-पटकथा’त आणखी कुणाचं नाव, फिल्म कोण आणि कधी अपलोड करणार, फुटेज कुणाकडे राहणार, हे नंतर ठरवायला गेलं की गट फुटतो.

एक सीन जवळून बघू. आई ओट्याशी चहा गाळतेय. मुलगा स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून नोकरी सोडल्याचं सांगतो. आई काही बोलत नाही, कप ठेवून बाहेर निघून जाते. दीड मिनिटाचा सीन. शॉट डिव्हिजन असं होईल: एक, खिडकीच्या बाजूने मास्टर, दोघं दिसतायत, पूर्ण सीन. दोन, मुलाच्या खांद्यावरून आईचा मिड, म्हणजे कमरेपासून वर. तीन, आईचा क्लोज, म्हणजे नुसता चेहरा. चार, गाळणी आणि कपाचा इन्सर्ट, म्हणजे नुसत्या वस्तूंचा जवळून शॉट. पाच, आईच्या खांद्यावरून मुलाचा मिड. सहा, मुलाचा क्लोज. सात, आई गेल्यावर रिकामा ओटा आणि वाफाळता कप.

हे या क्रमाने शूट करायचं नाही. आधी मास्टर, कारण हालचाली त्यात पक्क्या होतात. मग दोन, तीन आणि सात, कारण कॅमेरा आणि लाइट ओट्याकडेच तोंड करून आहेत. मग सगळं फिरवून पाच आणि सहा. इन्सर्ट राखून ठेवा. त्याला संवाद नाही, त्यामुळे बाहेर भाजीवाला ओरडायला लागला किंवा शेजारी मिक्सर सुरू झाला की तो वेळ इन्सर्टला वापरता येतो. सात सेटअप म्हणजे अर्धा दिवस. एक ते सात क्रमाने घ्यायला गेलात तर लाइट एकदा जास्त फिरवावा लागतो आणि वेळ जातो. आई आणि मुलगा यांच्यामध्ये एक रेघ आहे असं धरा आणि कॅमेरा सगळे शॉट रेघेच्या एकाच बाजूला ठेवा. लहान स्वयंपाकघरात जागा मिळेना म्हणून कॅमेरा फ्रिजच्या कोपऱ्यात सरकवला की रेघ ओलांडली जाते, आणि कापल्यावर दोघं एकाच दिशेला बघत बोलतायत असं दिसतं.

याच सीनमध्ये कंटिन्युइटीच्या वहीत काय हवं? ‘सोडली’ या शब्दाला गाळणी उचलली, उजव्या हातात. कप अर्धा भरलेला. पदर खोचलेला. मुलाची डावी बाही दुमडलेली. प्रत्येक टेकच्या शेवटी कट म्हटल्या क्षणी फोनवर एक फोटो. चहा एक लिटर करून थर्मासमध्ये ठेवा, म्हणजे प्रत्येक टेकला तेवढाच आणि तसाच गरम ओतता येतो. एकसारखे चार कप घ्या. भिंतीवरच्या घड्याळाचा सेल काढून ठेवा. काटे एका जागी राहतात आणि टिकटिकही थांबते.

आता आवाज. यावर मी जास्त लिहिणार आहे, कारण प्रेक्षक थोडं काळपट चित्र चालवून घेतो, पण संवाद कळला नाही की तो दुसऱ्या मिनिटाला फिल्म सोडतो. कॅमेऱ्यावरचा माइक सहा-सात फुटांवरून खोली ऐकतो, माणूस नाही. अंतर दुप्पट झालं की आवाज सुमारे ६ डेसिबलने पडतो, पण खोलीतला गोंगाट तेवढाच राहतो. म्हणून माइक जवळ न्यावा लागतो, आणि त्यासाठी महागडं काही लागत नाही. रंगारी वापरतात ती रोलरची लांब काठी, तिच्या टोकाला रबरबँडांत अडकवलेला साधा शॉटगन माइक (समोरच्या दिशेचा आवाज पकडणारा), फ्रेमच्या वरच्या कडेच्या जेमतेम बाहेर, तोंड खाली छातीकडे. रबरबँड नसतील तर हाताची प्रत्येक हालचाल रेकॉर्ड होते. अशी माइकची काठी, म्हणजे बूम, नसेल तर वायरचा कॉलर माइक आणि खिशात दुसरा फोन. माइक हनुवटीखाली वीतभर अंतरावर, कपड्याच्या आत, घासणार नाही अशा बेताने मेडिकल टेपने चिकटवलेला. हा फोन एअरप्लेन मोडवर हवाच, नाहीतर ऐन टेकमध्ये फोन येतो आणि रेकॉर्डिंग थांबतं. रेकॉर्डिंगच्या अ‍ॅपमधली सेटिंग्ज: ४८ किलोहर्ट्झ, शक्य असेल तर २४ बिट, वेव्ह फाइल. संवादाचं सगळ्यांत उंच टोक रेकॉर्डिंगच्या मीटरवर उणे १२ डेसिबलच्या आसपास राहू द्या. ओरडण्याचा सीन असेल तर लेव्हल तालमीतच खाली आणा, कारण एकदा फाटलेला आवाज दुरुस्त होत नाही.

साउंड करणाऱ्याच्या कानावर पूर्ण कान झाकणारे हेडफोन हवेत आणि टेक एनजी (‘नो गुड’, म्हणजे पुन्हा घ्या) म्हणण्याचा अधिकार त्याला हवा. हा अधिकार दिला नाही तर तो तीन टेकनंतर गप्प बसतो.

स्वयंपाकघरातले शत्रू ठरलेले आहेत. पंखा बंद, म्हणजे कलाकाराला घाम येणार; टिश्यू टेकवून घाम टिपा, पुसू नका, मेकअप निघतो. फ्रिज बंद, आणि तो पुन्हा सुरू करायला विसरू नये म्हणून एडीच्या गाडीची किल्ली फ्रिजमध्येच ठेवा. पेटलेल्या गॅसचा फुसफुस आवाज क्लोजमध्ये संवादावर बसतो, म्हणून मास्टर सोडला तर शेगडी बंद. शेगडीचा, ओतण्याचा, कप ठेवण्याचा आवाज सीन संपल्यावर माइक वीतभर अंतरावर धरून वेगळा घ्या. कलाकारांकडूनही त्याच खोलीत सगळे संवाद एकदा नुसते आवाजासाठी म्हणून घ्या. एखादा शब्द कुकरच्या शिट्टीत गेला असेल तर हे वाचवतं. आणि प्रत्येक जागेचा एक मिनिट शांततेचा आवाज, सगळी माणसं आणि सामान जागेवर असताना. संवाद कापले की मधे जी पोकळी पडते ती याच शांततेने भरायची असते. घाईत सगळ्यांत आधी वगळला जातो तो हाच एक मिनिट.

‘नंतर डब करू’ हे धरून चालू नका. डबिंगला शांत खोली, तेच कलाकार, ओठांशी जुळवण्याची तयारी, आणि त्याशिवाय पावलं, भांडी, दार यांचे सगळे आवाज नव्याने घ्यावे लागतात. सहा मिनिटांना दोन-तीन दिवस सहज जातात आणि अभिनय सपाट होतो.

रेकीला, म्हणजे जागा आधी बघून यायला, नुसतं दुपारी जाऊन फोटो काढून येऊ नका. ज्या वारी ज्या वेळी शूट आहे त्याच वारी त्याच वेळी जा, डोळे मिटून दोन मिनिटं ऐका आणि रेकॉर्ड करा. पाण्याचा पंप किती वाजता सुरू होतो, देवळातली आरती, शाळेची घंटा, पलीकडचं वेल्डिंग: हे सगळं तेव्हाच कळतं. शेजारच्या काकूंना आदल्या दिवशी जाऊन सांगा, सोसायटीच्या सेक्रेटरीला लेखी कळवा. घरमालकाची आणि प्रत्येक कलाकाराची लेखी संमती, लहान मूल असेल तर पालकांची सही. शनिवारवाडा, रायगड अशा केंद्रीय संरक्षित वास्तूंत भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या परवानगीशिवाय आणि रेल्वे स्टेशनवर रेल्वेच्या परवानगीशिवाय शूट करता येत नाही. ‘पटकन उरकू’ म्हणून जाऊ नका. सामान अडकलं तर तो दिवसच गेला.

कॅमेऱ्याचं थोडक्यात, कारण यावर माहिती सगळीकडे आहे. सगळे कॅमेरे आणि फोन सेकंदाला २५ फ्रेमवर (चित्रांवर), शटर १/५० सेकंदावर. आपली वीज ५० हर्ट्झची आहे, आणि फोन जर ३० फ्रेम आणि १/६० शटरवर राहिला तर ट्यूबलाइटखाली चित्रात पट्टे सरकताना दिसतात. फोनमध्ये नेहमीच्या कॅमेऱ्याऐवजी शटर, फोकस आणि व्हाइट बॅलन्स लॉक करता येणारं अ‍ॅप वापरा. फोनचं फुटेज बऱ्याचदा कमी-जास्त फ्रेमरेटचं असतं, त्यामुळे एडिटिंगमध्ये आवाज हळूहळू ओठांवरून सरकतो. आधी हँडब्रेक नावाच्या सॉफ्टवेअरमधून ते स्थिर फ्रेमरेटवर आणा. पांढरी ट्यूब सुमारे ६५०० केल्विनची, पिवळा बल्ब २७०० ते ३०००चा. दोन्ही एकत्र लावले तर चेहऱ्याची एक बाजू निळी आणि एक नारिंगी दिसते. एक ठरवा, दुसरा बंद करा. खिडकी कलाकाराच्या पाठीशी नको, बाजूला हवी, आणि दुसऱ्या बाजूने प्रकाश परतवायला चार फुटी पांढरा थर्माकोल. दिवसा घरात एवढं पुरतं. रात्रीसाठी भाड्याचे हॅलोजन आणलेत तर साध्या ६ अँपिअरच्या सॉकेटवर १००० वॅटचा एकच चालतो, कारण २३० व्होल्टला त्याची मर्यादा सुमारे १३८० वॅट आहे. दुसरा गीझरच्या १६ अँपिअर पॉइंटवर लावा. एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर दोन लावले तर बोर्ड वितळतो.

सेटवर एकच आवाज. ‘साउंड रोल’, ‘कॅमेरा रोल’, सीन-शॉट-टेक बोलून क्लॅप, ‘अ‍ॅक्शन’. कट फक्त दिग्दर्शक म्हणणार, आणि दोन सेकंद थांबून म्हणणार, म्हणजे एडिटला कापायला जागा मिळते. कुणाला काही सुचलं तर ते दोन टेकच्या मधे दिग्दर्शकाच्या कानात. कलाकाराला सूचना दुसऱ्या कुणी द्यायची नाही. तीन जणांनी तीन गोष्टी सांगितल्या की चौथ्या टेकपासून तो गोठतो.

पैशांपैकी अर्धे जेवणाला ठेवा. दहा माणसं, दोन दिवस, माणशी दीडशे रुपये धरले तर तीन हजार. सकाळी पोहे, दुपारी पोळी-भाजी-भात, दोनदा चहा, पाणी कायम. जेवण दोनच्या आत. उपाशी गट चारनंतर भांडतो आणि टेक वाढतात. उरलेल्यांतून मेमरी कार्ड, जास्तीची एक बॅटरी, प्रॉपर्टी, पेट्रोल, आणि हजार रुपये राखीव.

फुटेज. सहा मिनिटांसाठी साठ मिनिटं शूट होईल असं धरा. ५० मेगाबिट प्रतिसेकंद या दराने मिनिटाला ३७५ एमबी, म्हणजे तासाला साडेबावीस जीबी; १०० मेगाबिट असेल तर पंचेचाळीस. दुपारच्या जेवणात आणि पॅकअपनंतर दोन वेगळ्या ठिकाणी कॉपी, एक लॅपटॉपवर, एक हार्ड डिस्कवर, आणि रात्री त्या दोन वेगवेगळ्या घरी जाणार. कॉपी झाल्यावर पहिली, मधली आणि शेवटची क्लिप चालवून बघा, मगच कार्ड फॉरमॅट. ही कॉपी एकच माणूस करणार. दोघांनी केली की ‘मला वाटलं तू घेतलीस’ होतं. व्हॉट्सअ‍ॅपवरून क्लिप साध्या व्हिडिओसारख्या पाठवू नका. त्यात दर्जा जातो.

एडिटिंगला सात जण लॅपटॉपमागे उभे राहू नयेत. एडिटर आणि दिग्दर्शक, बस. आधी क्लॅपवरून सगळा आवाज जुळवायचा, मग संगीताशिवाय पहिला कट. तो ठरल्यापेक्षा दीड-दोन मिनिटं लांब होतो, हे ठीक आहे. दोन दिवस बाजूला ठेवा. मग ज्यांनी पटकथा वाचलेली नाही अशा तिघांना दाखवा आणि दोनच प्रश्न विचारा: कुठे कळलं नाही, कुठे कंटाळा आला. ‘आवडली का’ विचारलंत तर मित्र हो म्हणतात. त्यानंतर कट पक्का करा. पक्का झाल्यावर आवाज, मग रंग. संगीत आधी टाकलं की त्याच्या तालावर कापत जाता आणि ढिला सीन ढिला आहे हे दिसतच नाही.

संगीताच्या हक्कांबाबत एक गैरसमज नेहमीचा. तुकोबांच्या अभंगाचे शब्द कुणाच्या मालकीचे नाहीत, पण एखाद्या गायकाने गायलेल्या त्या अभंगाच्या ध्वनिमुद्रणावर प्रसिद्धीपासून ६० वर्षं हक्क असतो, आणि चालीवर संगीतकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं. ‘फक्त दहा सेकंद वापरलं’ याने काही सुटत नाही. गटातल्या कुणीतरी स्वतःच्या चालीत गाऊन ते रेकॉर्ड करा. क्रिएटिव्ह कॉमन्सचं, म्हणजे निर्मात्याने ठरावीक अटींवर वापरायला मोकळं ठेवलेलं संगीत घेतलं तर ‘नो डेरिव्हेटिव्ह’ लिहिलेलं घेऊ नका, चित्राला जोडणं त्यात बसत नाही. महोत्सवांना पाठवायची असेल तर यूट्यूबवर टाकण्याआधी त्यांचे नियम वाचा. काही ठिकाणी आधी ऑनलाइन आलेली फिल्म घेत नाहीत.

शेवटी टायटल्स. एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये देवनागरी बऱ्याचदा मोडते: ‘मिलिंद’मधली वेलांटी उलट बाजूला जाते, ‘क्षितिजा’तला क्ष सुटा होतो. अडोबी प्रीमियर या सॉफ्टवेअरच्या सेटिंग्जमध्ये टेक्स्ट इंजिन ‘साउथ एशियन’ करावं लागतं. दुसरीकडे जमत नसेल तर युनिकोड फॉन्टमध्ये नावं वेगळी लिहून पारदर्शक पीएनजी चित्र म्हणून आणा. ज्याचं नाव त्याने पडद्यावर वाचून बरोबर आहे असं सांगितलं की मगच शेवटचं एक्स्पोर्ट लावा.